माहेरचं देणं

सासरी येताना मुलगी माहेरहून काय काय आणते, याची यादी करायला बसलं तर वही भरेल. रुखवतातली भांडी, आईच्या हातच्या सांडग्यांची रीत, बोलण्यातला हेल, देवघरातला एखादा बाळकृष्ण. लग्नात आपलं गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत नावसुद्धा बदलतं. रक्त मात्र तेच राहतं. त्या रक्तातून मीही माहेरची एक गोष्ट घेऊन आले होते. ती काय आहे हे कळायला वयाची पंचेचाळिशी उजाडली. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात हेच असेल आणि कुणाला त्याचा पत्ताही नसेल, म्हणून मैत्रिणींनो, हा लेखनप्रपंच.

माझी आई १९९८ साली गेली, तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. सकाळी पाणी भरलं, पूजा केली, आणि दहाच्या सुमारास छातीत कळ आली ती शेवटचीच. तिच्या आधी माझे मोठे मामा चव्वेचाळिसाव्या वर्षी असेच गेले होते. ‘त्या घराण्याला आयुष्यच कमी,’ असं सगळे म्हणायचे, आणि ते आम्ही नशिबाच्या खात्यावर टाकून दिलं होतं. आईच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर उंचवटे होते. मामांनाही होते. घराण्याची खूण म्हणून आम्ही ते पाहत असू. आईच्या रक्तात कोलेस्टेरॉल किती आहे, हे तिच्या हयातीत कुणीही तपासलं नाही.

मी अकोल्यात राहते. शाळेत शिकवते, घर सांभाळते. वजन बावन्न किलो. २०२३ च्या दिवाळीनंतर शाळेचा जिना चढताना छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटू लागलं. तपासण्या झाल्या, नागपूरला नेलं, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी माझ्याकडे बघायची आणि मग स्वयंपाकघराकडे. ‘तूप फार खाता का?’ ‘तळलेलं जास्त होतं वाटतं तुमच्याकडे!’ एकीनं तर तेलाचा डबा महिन्याला किती लागतो तेही विचारलं. आमच्या सासूबाईंना ते फारच लागलं. चाळीस वर्षं हे स्वयंपाकघर त्यांनी चालवलेलं. जणू त्यांच्याच हातच्या जेवणानं मला हे झालं!

नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र स्वयंपाकघराबद्दल शेवटी विचारलं. आधी माहेरचं विचारलं. कोण कोण गेलं, कितव्या वर्षी, कशानं. मग म्हणाले, ‘ताई, जरा पाय दाखवा.’ हृदयाचे डॉक्टर पाय कशाला बघताहेत, मला कळेना. त्यांनी टाचेच्या मागची जाड शीर दोन बोटांत धरून पाहिली. ती नेहमीपेक्षा जाड होती, गाठाळ होती. गोळ्या सुरू होण्याआधीच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २९० होतं. ते म्हणाले, ‘हे खाण्यानं झालेलं नाही. हे तुम्ही जन्मतः घेऊन आला आहात.’ या दुखण्याला आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ म्हणतात. साधारण अडीचशे माणसांत एकाला ती असते. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. पापण्यांवरचे ते पिवळे उंचवटे आणि टाचेची ती जाड शीर ही त्याचीच चिन्हं असू शकतात.

हे कसं घडतं ते त्यांनी सांगितलं, आणि मी घरी येऊन सासूबाईंना विहिरीच्या भाषेत समजावलं. रक्तातलं एलडीएल उपसून काढायचं काम यकृत करतं. यकृताच्या पेशींवर त्यासाठी पोहरे असतात म्हणा ना. पोहरा एलडीएल धरतो, आत नेऊन रिकामा करतो आणि पुन्हा वर येतो. या पोहऱ्यांचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. माझ्यासारख्यांचे निम्मे पोहरे जन्मापासूनच फुटके. उपसा कमी, म्हणून विहीर सतत भरलेली. तीही विशीतिशीत नव्हे, पाळण्यात असल्यापासून.

आता यात आणखी एक भानगड आहे. आपल्या शरीरातच एक प्रथिन असतं, त्याला पीसीएसके-९ असं लांबलचक नाव आहे. ते या पोहऱ्याला चिकटतं, आणि मग पोहरा वर येतच नाही, आतल्या आत नष्ट होतो. दोर कापल्यासारखं. २००३ साली पॅरिसच्या संशोधकांना काही फ्रेंच कुटुंबांत या प्रथिनातला दोष सापडला. त्या कुटुंबांत कोलेस्टेरॉल फार वाढलेलं होतं. पुढे अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्ज या बाई आणि त्यांचे सहकारी जोनाथन कोहेन यांनी बरोबर उलटी माणसं शोधली. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच लुळं आहे, त्यांचं कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी आणि हृदयविकारही कमी! तेव्हा या प्रथिनाचाच हात धरून ठेवला तर? या विचारातून इंजेक्शनं तयार झाली आणि २०१५ साली अमेरिकेत त्यांना मंजुरी मिळाली. माझ्या इंजेक्शनाचं नाव एव्होलोक्युमॅब.

पण इंजेक्शन ही पहिली पायरी नव्हे बरं का. आधी गोळ्या. रोझुव्हास्टॅटिनची मोठी मात्रा आणि जोडीला एझेटिमाइब. त्यांनी २९० वरून १२६ वर आणलं. मला वाटलं, झालं की! पण एकदा हृदयाचं दुखणं होऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं, असं आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्यांचं काम संपलं, आता इंजेक्शन. दर पंधरवड्याला एक, घरच्या घरी, स्वतःच्या हातानं.’

पहिला प्रश्न पैशांचा आला. आपल्याकडे बायकांच्या दुखण्याचा हिशेब नेहमी मनातल्या मनात होतो. महिन्याच्या दोन इंजेक्शनांना आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे लागत होते, आणि घरी घ्यायच्या औषधाला आमचा विमा लागू नव्हता. मुलीची बारावी, मुलाच्या शिकवण्या. ‘गोळ्यांनी पुष्कळ उतरलंय, राहू दे,’ असं मी म्हणून पाहिलं. आमचे हे फारसे बोलत नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘मला हे लागलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?’ यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या वर्षीची माझी भिशी त्या महिन्यातच लागली. सोफा बदलायचा बेत होता. सोफ्यावर नवे अभ्रे घातले आणि पहिली चार इंजेक्शनं त्या पैशांतून आणली. पुढची तरतूद आम्ही दोघांनी मिळून दर महिन्याच्या खर्चात बसवली.

दुसरा प्रश्न सुईचा. ‘कंपाउंडरला बोलव ना, आपल्याच हातानं सुई टोचून घेतं का कुणी?’ सासूबाई म्हणाल्या. रुग्णालयातल्या नर्सबाईंनी मला खोट्या पेनवर तीनदा करून दाखवलं होतं, माझ्याकडून करवून घेतलं होतं. इन्सुलिनचं पेन तुमच्यापैकी पुष्कळजणींनी घरात पाहिलं असेल, त्याचंच हे जाडसर भावंड. सुई आत दडलेली असते, टोचण्याआधी ती दिसतसुद्धा नाही.

आता माझा रविवारचा क्रम सांगते. अर्धा तास आधी पेन फ्रीजमधून काढून नुसतं बाहेर ठेवायचं, कारण थंडगार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात धरायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, हलवायचं नाही. तारीख आणि आतलं औषध पाहायचं. ते स्वच्छ हवं, गढूळ किंवा कण असलेलं नको. हात साबणानं धुवायचे. जागा म्हणजे मांडी किंवा पोट, पोटावर बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडून. दर वेळी जागा बदलायची. जिथं लाल झालंय, खरचटलंय, वण आहे, तिथं नको. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून ती जागा वाळू द्यायची. नाहीतर चुरचुरतं. मग टोपण सरळ ओढून काढायचं. ते काढल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, पाच मिनिटांच्या आत काम उरकायचं. कातडी जरा ताणून किंवा चिमटीत घट्ट धरून पेन सरळ उभं दाबायचं आणि बटण दाबायचं. ‘टक्’ असा आवाज होतो. पंधरा सेकंदांच्या आसपास तसंच धरून ठेवायचं. पेनाची खिडकी पिवळी झाली की औषध पूर्ण गेलं. चोळायचं नाही. हे माझ्या पेनाचं झालं. प्रत्येक कंपनीच्या पेनाची रीत थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या डब्यातला कागद वाचणं आलंच.

पहिल्या दिवशी मुलगी कागद मोठ्यानं वाचत होती, हे खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत उभे होते, आणि मी खुर्चीत बसून मांडीवर पेन टेकवलं. तेवढ्या वेळात जी धाकधूक झाली, तेवढीच. मुंगी चावल्याइतकं दुखलं. पुढच्या दोन-तीन वेळा थोडी लाली आली, खाज सुटली, दुसऱ्या दिवशी गेली. कुणाकुणाला सर्दीसारखं होतं, पाठ दुखते. अंगभर पित्त उठलं, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा, असं मला बजावून सांगितलं होतं. तसं काही झालं नाही.

तारखेचीही एक गंमत झाली. पंधरवड्याला एक म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘मग एकादशीला घेत जा, लक्षात राहील.’ पण एकादशी कधी चौदा दिवसांनी येते, कधी पंधरा, कधी सोळा. औषध तिथी पाळत नाही, वार पाळतं. म्हणून एक आड एक रविवार ठरवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लाल पेननं सुईची खूण करून टाकली. कधी चुकलंच, तर सात दिवसांच्या आत घ्यायचं आणि पुढचं ठरल्या दिवशीच. सात दिवस उलटून गेले असतील, तर ते सोडून पुढच्या ठरल्या दिवसाची वाट पाहायची. एकदम दोन घ्यायची नाहीत.

आमच्या अकोल्यातला सगळ्यात मोठा पेच उन्हाळ्याचा. हे औषध फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजबाहेर ते जास्तीत जास्त तीस दिवस टिकतं, पण खोली पंचवीस अंशांच्या आत असेल तर! मे महिन्यात आमच्याकडे पंचवीस अंश फक्त माठातल्या पाण्याला ठाऊक. म्हणून दुकानातून आणतानाच थर्मोकोलचा डबा न्यायचा आणि बर्फाच्या पिशवीला टॉवेल गुंडाळायचा. पेन बर्फाला चिकटून राहिलं आणि गोठलं, तर ते फुकट गेलं. फ्रीजमध्येही बर्फाच्या कप्प्याजवळ नको, मागच्या भिंतीला टेकून नको, सारखं उघडझाक होणाऱ्या दारात नको. मधल्या कप्प्यात, त्याच्या खोक्यासकट, एका झाकणाच्या डब्यात. मी डब्यावर चिठ्ठी लावली आहे, नाहीतर आमच्याकडे कोणताही डबा उघडून त्यात खायला काय आहे ते बघण्याची पद्धत आहे! गेल्या उन्हाळ्यात वादळानं आठ-नऊ तास वीज गेली होती. फ्रीजचं दार कुणाला उघडू दिलं नाही आणि चार तासांनंतर पेन बर्फाच्या डब्यात हलवलं. आमरसाचं काय झालं, ते विचारू नका.

वापरलेलं पेन घंटागाडीत टाकायचं नाही. कचरा वेगळा करणाऱ्या बायांच्या हाताला सुई लागू शकते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतसुद्धा वापरलेल्या सुया घातक घरगुती कचऱ्यात धरल्या होत्या. मी जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी ठेवली आहे. भरली की तपासणीला जाताना रुग्णालयात देऊन येते.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. एलडीएल ५२! २०१७ साली या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. सत्तावीस हजारांहून जास्त रुग्ण होते तिच्यात, सगळे आधीपासून कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं घेणारे. त्यावर या इंजेक्शनानं त्यांचं एलडीएल आणखी एकोणसाठ टक्क्यांनी उतरलं होतं आणि हृदयविकाराचे झटके कमी झाले होते. माझा आकडाही जवळजवळ तेवढाच उतरला. गोळ्या अर्थात चालूच आहेत. इंजेक्शन आलं म्हणून गोळ्या बंद, असं नसतं.

इथवर सगळं सोपं होतं असं म्हणायला हरकत नाही. अवघड होतं ते पुढे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘दोन्ही मुलांचं तपासा आणि माहेरच्या सगळ्यांना कळवा.’ मुलाचं रक्त ठीक निघालं. मुलगी सतरा वर्षांची, तिचं एलडीएल २१४. रिपोर्ट हातात घेऊन मी पॅथॉलॉजीच्या पायरीवर किती वेळ बसले होते, कुणास ठाऊक. माझ्या आईनं मला दिलं, मी तिला दिलं.

घरी सासूबाईंचं म्हणणं एकच. ‘हे कुणाला सांगू नका. मुलीची जात. उद्या स्थळं येतील, लोक म्हणतील, आईच्या घराण्यात हृदयविकार, मुलीतही तेच. तिचं लग्न होऊ द्या, मग काय ते सांगा.’ त्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लोक कसे बोलतात, ते त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं ऐकलं आहे. हेही गप्प होते. रविवारचं इंजेक्शन खोलीचं दार लावून घ्यावं, असंही सुचवून झालं.

पण माझ्या डोळ्यांसमोर मामांचा मुलगा येत होता. एकेचाळीस वर्षांचा, नागपूरला नोकरीला, घरात दोन लहान मुलं. त्याचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेले. मुलीच्या लग्नाला अजून सहा-सात वर्षं. तेवढी वर्षं मी गप्प बसायचं आणि तोवर त्यानं जिने चढत राहायचं? ज्या गप्प बसण्यानं माझी आई गेली, तेच मी पुढे चालवायचं?

मी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘आई, चष्मा आहे हे आपण लपवतो का? जे आहे ते सांगायचं. ज्यांना चालणार नाही ते येणार नाहीत, सुंठीवाचून खोकला जाईल.’

त्याच रात्री मामेभावाला फोन केला. तो आधी चिडला. ‘ताई, मला काही होत नाही. रोज चालायला जातो मी. घाबरवू नकोस.’ फोन ठेवला. मग मी त्याच्या बायकोला फोन केला. तिनं शांतपणे सगळं ऐकलं, लिहून घेतलं आणि आठ दिवसांत त्याला तपासायला नेलं. एलडीएल २६४. त्याच्या धाकट्या मुलाचंही वाढलेलं. हृदयाच्या तपासण्यांत मात्र अजून काही बिघडलेलं नव्हतं. आता तो गोळ्या घेतो आणि त्याला एवढ्यात इंजेक्शनाची गरज नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यानं अजून माझ्याजवळ तो विषय काढलेला नाही. भाऊबीजेला आला तेव्हा ओवाळणी मात्र नेहमीपेक्षा जास्त घातली.

आमची मुलगीही गोळी घेते. डॉक्टरांनी सांगितलं आहे, लग्नानंतर मूल होऊ द्यायचं ठरवलं की आधी येऊन भेटायचं, त्या काळात या औषधांचा विचार वेगळा करावा लागतो. तिनं ते आपल्या वहीत लिहून ठेवलं आहे.

आणि सासूबाई? त्यांनी मत बदललं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण एक आड एक रविवारी साडेदहा वाजले की त्याच उठतात, फ्रीजमधला डबा काढतात आणि ओट्यावर ठेवून सांगतात, ‘बाहेर काढलंय गं. अकराला घे.’ दार उघडंच असतं.

मैत्रिणींनो, हे वाचून उद्याच इंजेक्शन मागायला जाऊ नका. बहुतेकांना साधी, स्वस्त गोळी आणि बेताचं खाणं-चालणं पुरतं. इंजेक्शन माझ्यासारख्या थोड्यांसाठी. आता सहा महिन्यांतून एकदा, दवाखान्यात घ्यायचंही एक निघालं आहे. कुणाला काय, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण लिपिड प्रोफाइलची रक्ततपासणी प्रत्येकीनं एकदा तरी करावी. २०२४ च्या त्याच मार्गदर्शनात ती वयाच्या अठराव्या वर्षी, आणि घराण्यात लहान वयात हृदयविकार असेल तर त्याही आधी करावी, असं सांगितलं आहे. पहिल्या तपासणीला उपाशी राहायचीही गरज नसते.

आणखी एक काम घरबसल्या होणारं. सासरच्या डॉक्टरांना आपल्या नवऱ्याचं घराणं ठाऊक असतं. आपलं माहेर त्यांना कुठून ठाऊक असणार? तेव्हा पुढच्या खेपेला माहेरी जाल, तेव्हा आईला, मावशीला, आत्याला, काकांना विचारून घ्या. कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं, कुणाच्या पापण्यांवर पिवळं होतं. लोणच्याचं प्रमाण जसं लिहून आणता, तसं तेही वहीत लिहून आणा आणि आपल्या मुलांना वाचून दाखवा.